आकड्याची काठी

भोरच्या एस.टी. स्टँडवर फुलाबाई झाडायला होत्या. आम्हां मुलांची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. त्यांना आमची गावं माहीत होती, तेवढं त्यांना पुरत होतं. मी विंझरची म्हणून मी विंझर. माझ्या वर्गातला एक मुलगा कामथडीचा, तो कामथडी. "कामथडी, झाकण सैल हाय रं, कालवण सांडवलंस तर आई मारंल का मी मारू?" असं त्या लांबूनच ओरडायच्या, आणि स्टँडवरची माणसं हसायची.

डब्यांची ही पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमच्या खोऱ्यात तेव्हा शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर भोरला राहायचं, आणि जेवण घरून यायचं. वेल्ह्याला मुक्कामाला असलेली गाडी सकाळी निघायची. वाटेत जागोजागी कुणाची आई, कुणाचा भाऊ फडक्यात बांधलेला डबा घेऊन उभा असायचा. मानसिंग म्हणून कंडक्टर होते. ते वाकून डबा घ्यायचे आणि ड्रायव्हरच्या मागं ओळीनं लावायचे. पावती नाही, भाडं नाही. एस.टी.च्या कुठल्याच नियमात ते बसत नव्हतं, पण ते रोज चालायचं. भोरला आल्यावर मानसिंग डबे कट्ट्यावर ठेवायचे, आम्ही मधल्या सुट्टीत पळत यायचो, जेवायचो, आणि कालचा धुतलेला रिकामा डबा परतीच्या गाडीसाठी ठेवून जायचो.

गाडी येण्यापासून आमची सुट्टी होईपर्यंत मधे बराच वेळ जायचा. स्टँडवर कुत्री होती, कावळे होते, आणि मुंग्या तर विचारू नका. त्या वेळेत डबे सांभाळायचं काम कुणाचंच नव्हतं. ते फुलाबाईंनी आपणहून अंगावर घेतलं.

त्या मूळच्या सारोळ्याकडच्या. लग्न होऊन भोरला आल्या. मालक, भिमा त्यांचं नाव, रस्त्याच्या कामावर होते. खडी उतरवताना ट्रकखाली सापडले आणि गेले. पदरात एक मुलगा. मग कुणीतरी शब्द टाकला आणि फुलाबाईंना स्टँडवर झाडायचं काम मिळालं. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला. घरात बुद्धाची तसबीर, संध्याकाळी तिच्यापुढं मेणबत्ती. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला दिसायचं ते एवढंच: हिरवं लुगडं, कमरेला खोचलेला पदर, एका हातात खराटा आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलेली एक लांब काठी. काठीच्या टोकाला तारेचा आकडा.

एस.टी.नं टाकून दिलेलं एक घमेलं त्यांनी घासूनपुसून पाण्यानं भरून सावलीत ठेवलं होतं. त्यात मधोमध दगड, दगडांवर फळी, आणि फळीवर डबे. पाणी ओलांडून मुंगी जायची नाही. फळीवर डबे ठेवायचे आणि काढायचे ते मात्र काठीनं. फडक्याच्या गाठीत आकडा अडकवायचा, डबा अलगद उचलायचा, आणि लांबूनच ज्याचा त्याच्यापुढं धरायचा. आम्हांला ती गंमत वाटायची. विहिरीतून बादली काढावी तसा डबा झुलत यायचा.

काठी का, ते कामथडीच्या मुलानं एकदा विचारलं. फुलाबाई म्हणाल्या, "लांबचं दिसत न्हाई म्हून लोक चष्मा लावत्यात. माजा हात लांबचा हाय, म्हून ही काठी."

खरं कारण मला मानसिंगांकडून कळलं. पहिल्यांदा फुलाबाई डबे हातानंच ठेवायच्या. एक दिवस एका मुलाचा बाप बाजाराला आला होता, त्यानं ते पाहिलं. मुलाचा डबा उचलला, सगळ्यांच्या देखत उघडला आणि कुत्र्यापुढं उपडा केला.  त्या दिवशी तो मुलगा न जेवता शाळेत परत गेला, ते फुलाबाईंना लागलं. त्यांनी काही दिवस डब्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. कुत्र्यांनी एक डबा फोडला, मग दुसरा. कंट्रोलर साहेब खिडकीतून म्हणाले, "फुलाबाई, सोडा तो उद्योग, तुमचं काम झाडायचं." त्या म्हणाल्या, "साहेब, कुत्र्याचा इटाळ हुत न्हाई कुणाला, म्हून त्याला बी खाऊ द्यायचं व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन आल्या.

आता माझं सांगते. मी भोरला राहायचे ती अक्काबाईंकडं. अक्काबाई आईच्या लांबच्या मावशी, विधवा, दिराच्या घरात एका खोलीत राहायच्या. त्यांनी मला झोपायला जागा दिली तेच खूप होतं. जेवणाचं आमच्या आबांनी आधीच तोडून टाकलं होतं. आबांचं नाव बाजीराव. मला पुढं शिकवायला ते तयार नव्हते. आमच्या गुरुजींनी दोनतीनदा घरी येऊन समजावलं तेव्हा कुठं "बरं" म्हणाले, पण एक अट घातली. "घरचं खाऊन शिकायचं. कुणाच्या दारात हात पसरलेला मला कळला, तर त्याच गाडीनं परत आणीन आणि पुन्हा भोरचं नाव काढू देणार नाही."

अट कडक होती, पण तिला कारण होतं. आबा लहानपणी परक्या घरी वाढले होते. त्या घरात त्यांच्या प्रत्येक भाकरीवर कुणी ना कुणी बोलायचं. चौथी भाकरी घेतली की "बाजीच्या पोटाला बूड आहे का" म्हणायचे आणि सगळी पंगत हसायची. आबा ते कधी विसरले नाहीत. आमच्या घरी कुणी जेवायला आलं की ते स्वतः दुसरीकडं पाहत बसायचे, पाहुण्यानं किती घेतलं ते दिसू नये म्हणून.

मी नववीत असताना श्रावणात पाऊस लागून राहिला. एक दिवस सुट्टीत मी स्टँडवर आले तर फळीवर माझा डबा नव्हता. कंट्रोलर म्हणाले, "विंझरच्या अलीकडं रस्त्याखालची मोरी वाहून गेली. वेल्ह्याची गाडी तिकडंच अडकली. होईल सुरू, बघू." कामथडीचा डबा आला होता, कारण त्याची गाडी हमरस्त्यानं यायची. आमच्या खोऱ्यातले बाकीचे मुलगे होते, ते एकमेकांच्या खोलीवर जाऊन काहीतरी शिजवून जेवले. मुलगी मी एकटीच. मी पाणी प्यायले आणि वर्गात जाऊन बसले.

संध्याकाळी अक्काबाईंनी विचारलं, "जेवलीस ना?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा स्टँडवर आले. गाडी येणार नाही हे माहीत होतं, तरी पाय तिकडंच वळले. बाकावर बसून राहिले.

फुलाबाई खराटा मारत मारत माझ्या पायाशी आल्या. "विंझर, पाय वर घे. गाडी न्हाई आज बी."

"माहीत आहे."

"मग हितं काय बसलीस?"

"उगाच."

"काल काय खाल्लंस?"

"खाल्लं की."

"काय खाल्लंस?"

मी पाय आणखी वर ओढून घेतले. त्या खराट्यावर हात टेकून माझ्याकडं बघत राहिल्या. "तुला खोटं बोलायला कुणी शिकवलेलं दिसत न्हाई. माज्यातली अर्धी भाकर खा, चल."

"नको. आबांनी सांगितलंय, कुणापुढं हात पसरायचा नाही. कळलं तर शाळा बंद."

मला वाटलं त्यांना राग येईल. त्या हसल्या. "आबा लई कडक दिसतोय तुजा. बरं. नको पसरू हात." आणि झाडत झाडत पुढं गेल्या.

माझा आदल्या दिवशी न्यायचा रिकामा डबा गाडी नसल्यानं स्टँडवरच पडून होता. थोड्या वेळानं पाहते तर तो फडक्यात बांधलेला, आकड्याला अडकवलेला, झुलत झुलत माझ्यापुढं आला. आणि फुलाबाईंचा नेहमीचा मोठा आवाज, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा: "विंझर, डबा आला बघ तुजा."

कंट्रोलरनी खिडकीतून मान काढली. "वेल्ह्याची गाडी आली का काय?"

"गाडी कुठली. नसरापूरपातूर कुणी चालत आलं, आन् टेम्पोत डबा टाकून दिला," फुलाबाई म्हणाल्या. खोटं बोलण्याबद्दल मला नुकतंच काय म्हणाल्या होत्या ते आठवून मी खाली बघितलं.

डबा उघडला. आमच्याकडं पिकते ती नाचणी आणि भात. आईची भाकरी नाचणीची, लालसर, जाड. डब्यात होती ती ज्वारीची, पांढरी, पातळ, परातीएवढी थापून चौघडी घातलेली, वर लसणाची चटणी. ज्वारी सारोळ्याकडची. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं, पण त्या पाठ फिरवून झाडत राहिल्या. जेवणाआधी मी रोज हात जोडते, तसे जोडले. त्या दिवशी ते नेमके कुणाला जोडले हे मला आजही सांगता येत नाही.

मोरी दुरुस्त होईपर्यंत माझा डबा रोज "आला". अर्धा मी तिथंच खायचे, अर्धा रात्रीला न्यायचे. सोमवारी उघडला तर त्यात उकडलेली रताळी आणि गूळ. मी वर पाहिलं. फुलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "श्रावणी सोमवार ना? आमचं न्हाई आता त्यातलं काय. पर तुजं हाय."

मग एक दिवस, मी जेवत असतानाच, भोंगा वाजवत वेल्ह्याची गाडी आली. सगळे उठून बघायला धावले. मानसिंग चिखलानं माखलेले, पण खुशीत. "रिकामे डबे द्या लवकर, लगेच फिरायचंय, पुन्हा पाऊस आला तर तिकडंच राहीन मी." गडबडीत फुलाबाईंनी माझ्यापुढचा डबा झाकला, गाठ मारली, आकड्यानं गाडीत चढवला. त्यात ज्वारीची चतकोर भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी आले तर फळीवर माझा डबा नव्हता. तो आबांच्या मांडीवर होता. आबा बाकावर बसले होते, डोक्याला फेटा, पायांना चिखल. आजवर ते भोरला बैल घ्यायलाच तेवढे आले होते.

मी जवळ गेले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत ती चतकोर. वाळून कडक झालेली.

"घरात ज्वारी नाही," आबा म्हणाले. "अक्काबाईकडं जाऊन आलो. ती म्हणती, पोरगी रोज डबा घेऊन यायची. ही कुणाची?"

 कट्ट्यापलीकडून आवाज आला, "माजी हाय."

आबांनी मान वळवली. हिरवं लुगडं पाहिलं, खराटा पाहिला. "तूच का ती झाडणारी?"

"व्हय."

"हिनं मागितली?"

"न्हाई. मी देते म्हणले तरी नको म्हणली. आबानी सांगितलंय म्हणली."

"मग?"

"मग म्या तिचाच डबा भरला आन् आकड्यानं म्होरं धरला. हात तिनं बी पसरला न्हाई, आन् डब्याला माजा बी लागला न्हाई." फुलाबाई थोडं थांबल्या. "भाकरीला मातुर लागला. भाकर काय आकड्यानं थापता येत न्हाई."

चहाच्या टपरीवर कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळे आबांकडं बघत होते. मी बघत होते ते मानसिंगांच्या गाडीकडं. ती फिरून उभी होती, तोंड वेल्ह्याकडं. आबा आता मला चल म्हणतील आणि माझी शाळा त्या गाडीत बसून जाईल, एवढंच मला दिसत होतं.

आबांनी विचारलं ते वेगळंच. "हिला कुणी काय बोललं?"

"काय बोलनार?"

"लोकाचं खाती म्हणून."

"कुणाला कळलं तर बोलतील. समद्यांला वाटायचं विंझरचाच डबा आला. कंट्रोलर साहेबाला बी."

खिडकीतून साहेबांची मान बाहेर आली. "म्हणजे तो टेम्पोतून येत नव्हता?"

"येत व्हता की," फुलाबाई आपल्या पायांकडं बोट दाखवून म्हणाल्या. "ह्या टेम्पोतनं."

आता मात्र टपरीवरची माणसं मोकळेपणी हसली. आबा हसले नाहीत. रुमालातल्या भाकरीकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग तिचा तुकडा मोडला. मला वाटलं टाकतील. त्यांनी रुमाल पुन्हा बांधला आणि खिशात ठेवला. मोडलेला तुकडा त्यांच्या मुठीतच होता.

"तुझं दप्तर कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

मी गाडीकडं बघत म्हणाले, "शाळेत."

"मग इथं काय उभी? घंटा होईल. डबा घे आणि जा."

पण डबा त्यांनी मला दिला नाही. ते उठले आणि तो घेऊन फुलाबाईंसमोर गेले. फुलाबाईंनी सवयीनं कोपऱ्यातली काठी उचलली आणि आकडा पुढं केला.

"काठी राहू दे," आबा म्हणाले.

फुलाबाईंनी एकदा टपरीकडं पाहिलं, एकदा खिडकीकडं. काठी भिंतीला टेकवली. हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि डबा दोन्ही हातांनी घेतला. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "विंझर, डबा." तो रोजचा मोठा आवाज नव्हता.

आबा गाडीत चढताना मानसिंगांना म्हणाले, "इथून पुढं आमचा डबा बाईंच्या हातात द्यायचा. कट्ट्यावर ठेवायचा नाही."

घरी त्यांनी हा विषय काढला नाही. आई सांगायची, आल्यावर पाय धुतले आणि म्हणाले, "उद्यापासून एक भाकरी जास्त टाक." कुणासाठी ते आईनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गावात ही गोष्ट पोचायची ती पोचलीच. एका लग्नात आबांच्या शेजारचं पान रिकामं राहिलं. आबा खाली मान घालून जेवले आणि घरी आले. ते फुलाबाईंच्या घरी कधी गेले नाहीत, त्यांच्याशी गप्पा मारत बसलेही नाहीत. होते ते असे होते. पण बोललेला शब्द त्यांनी फिरवला नाही.

आईची नाचणीची भाकरी फुलाबाई रोज खायच्या आणि रोज नावं ठेवायच्या. "काळी ती काळी, वर दगडासारखी. तुजी आई भाकर थापती का भिंत लिंपती?" आणि दुसऱ्या श्वासाला, "पर पोट गार राहातं हं."

बाकीचे डबे मात्र काठीवरच राहिले. एक डबा हातात आणि बाकीचे आकड्याला, असं किती तरी दिवस चाललं. मला वाटायचं, आमचं बघून इतर लोक बदलतील. फुलाबाईंना तसं काही वाटत नव्हतं. "एकट्या विंझरनं काय हुतंय," म्हणायच्या, आणि काठी घ्यायच्या. पुढं कामथडीच्या मुलाच्या आईनं हातात डबा दिला, मग आणखी कुणी. काहींनी शेवटपर्यंत दिला नाही. त्यांच्या मुलांचे डबेही मुंग्यांपासून तेवढ्याच जपणुकीनं राहिले.

मी अकरावी झाले, ट्रेनिंग केलं, आणि वेल्ह्याच्या बाजूला शाळेत लागले. बहात्तरच्या दुष्काळात काही मुलं सुट्टीत पाणी पिऊन वर्गात बसायची. त्यांना विचारायची मला गरज पडली नाही, मी ते बसणं ओळखत होते. सकाळी प्रार्थनेला सगळे बाहेर असताना मी वर्गात जायचे आणि ज्याचं फडकं सपाट दिसेल त्याच्यात घरून आणलेली भाकरी बांधून ठेवायचे. मुलं मला काही बोलली नाहीत. मीही त्यांना नाही.

गेल्या महिन्यात फुलाबाई नोकरीतून सुटल्या. मी भोरला त्यांच्या घरी गेले. मुलानं दोन खोल्या पक्क्या बांधल्यात. तसबिरीपुढं मेणबत्ती होती. मी तिथंही हात जोडले. त्यांनी पाहिलं. स्टँडवर निरोपाला चहा झाला, कंट्रोलर साहेबांनी नारळ दिला, असं सांगत होत्या.

"आणि काठी?" मी विचारलं. "ती स्टँडवरच ठेवलीत?"

"ती कशाला ठेवू तिथं? चांगली काठी हाय." त्या मला परसात घेऊन गेल्या. शेवग्याचं झाड होतं, शेंगांनी लवलेलं. काठी त्याच्या बुंध्याला टेकलेली. फुलाबाईंनी ती उचलली, मान वर करून उंचावरच्या शेंगांना आकडा घातला आणि ओढला. शेंगा पटापट खाली पडल्या. त्यांनी त्या वाकून वेचल्या, धूळ झटकली आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या.

"घे. कोवळ्या हायत. आबाला आमटीत आवडत्यात का?"

"आवडतात," मी म्हणाले.

"मग आणखी ने," त्या म्हणाल्या आणि काठी पुन्हा वर केली. "सर बाजूला, विंझर. डोक्यात पडतील."